आपल्या माणसाची चूक सांगावी कशी? सीमाभागातल्या मंडळींसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या मराठी कार्यक्रमांना नियमित जाणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य अनेकदा ऐकलेले असते: "मराठीत केलंय, एवढंच पुष्कळ आहे." त्यामागची भावना खोटी नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून इथल्या मराठी शाळा, वाचनालये, भजनी मंडळे आणि गावोगावची साहित्य संमेलने लोकांनी पदरमोड करून चालवली आहेत. इतक्या कष्टाने उभ्या राहिलेल्या कामात खोट काढली तर आपलाच माणूस खचेल, आणि बाहेरच्यांच्या हाती आयते कोलीत जाईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या जपणुकीची किंमतही आपणच मोजतो. कच्ची कविता कच्चीच छापली जाते, बचत गटाची ढिली वही ढिलीच राहते, आणि मुलाच्या निबंधात काय कमी आहे हे दहावीची परीक्षा तोंडावर येईपर्यंत त्याला कोणी सांगत नाही.

"सत्य बोलावे, प्रिय बोलावे, अप्रिय सत्य बोलू नये" हे वचन अशा वेळी हमखास पुढे केले जाते. त्याच वचनाच्या पुढच्या भागात, प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असेही बजावले आहे. तो भाग मात्र कोणी म्हणत नाही. माझे ठाम मत असे आहे की चूक सांगतानाची माया ही सत्य पातळ करण्यात नसते. ती वेळ निवडण्यात, जागा निवडण्यात, नेमकेपणात आणि सांगून झाल्यावर मदतीला थांबण्यात असते. हे सगळे शिकता येते, म्हणून ते इथे क्रमाने मांडले आहे.

आधी स्वतः तपासून घ्या

टीका करण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी. मी पाहिले ते पूर्ण पाहिले आहे का? ही गोष्ट सुधारता येण्यासारखी आहे का? आणि ती सांगणे माझे काम आहे का? यातला पहिला प्रश्न सर्वांत जास्त वेळा टाळला जातो. कवितेच्या पहिल्या कडव्यावरून, सभेतल्या एका वाक्यावरून किंवा कोणाकडून कानावर आलेल्या गोष्टीवरून आपण मत बनवतो आणि ते मत नंतर सोडवत नाही.

महिलांच्या बचत गटाचे उदाहरण घ्या. एका सभासदाच्या पासबुकात मार्चचा हप्ता चढलेला नाही. गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंविषयी "त्यांच्याकडे पैसे राहतात" असे दुसऱ्या सभासदाजवळ बोलून दाखवणे फार सोपे असते, आणि तसे एकदा बोलले गेले की ते मागे घेता येत नाही. त्याऐवजी थेट त्यांच्याकडे जाऊन असे म्हणता येते: "वहिनी, माझ्या पासबुकात मार्चचा हप्ता दिसत नाही. तुमच्या वहीत आहे का, आपण दोघी मिळून बघूया का?" यात आरोप नाही, पण प्रश्नही गिळलेला नाही. हप्ता वहीत असेल आणि पासबुकात चढवायचा राहिला असेल, तर पाच मिनिटांत गोष्ट संपते. वहीतही नसेल, तर ते दोघींच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी उघड होते आणि पुढचे बोलणे वहीवर होते, वहिनींच्या चारित्र्यावर होत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा "नाही" असे येते. शेजाऱ्याच्या मुलीने मराठी शाळा सोडून इंग्रजी माध्यमात नाव घातले, यावर आपल्याला कितीही वाईट वाटले तरी त्या कुटुंबाने मत विचारलेले नसेल तर गप्प राहावे. शाळेच्या सुधारणा समितीत आपण असू, तर मात्र पालक शाळेपासून का दुरावत आहेत याविषयी मुख्याध्यापकांशी बोलणे आपले कर्तव्य ठरते.

बदल होऊ शकेल अशा वेळी बोला

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला साजरी होते आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक पाहायला आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात. एखाद्या मंडळाच्या देखाव्यातला पोशाख चुकीच्या काळातला आहे, किंवा निवेदन इतके लांब आहे की चित्ररथ पुढे सरकेपर्यंत ते संपणार नाही, हे मिरवणुकीच्या रात्री सांगून काहीच साधत नाही. मुले कित्येक रात्री जागलेली असतात, रथ रस्त्यावर आलेला असतो. त्या रात्री कौतुक करावे आणि तेवढेच करावे. हीच गोष्ट सांगाडा उभा राहत असताना, निवेदनाचा कागद हातात असताना सांगितली असती तर तिचा उपयोग झाला असता; आता ती पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीसाठी नोंदवून ठेवावी.

लिहिणाऱ्यांच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो. हस्तलिखित हातात असताना स्पष्ट बोलावे. पुस्तक छापून आल्यानंतर, विशेषतः प्रकाशनाच्या दिवशी, मुद्रितशोधनाच्या चुका मोजत बसू नये.

जागा आणि माध्यम

चारचौघांत केलेली टीका ऐकणाऱ्याला टीका म्हणून ऐकूच येत नाही. त्याचे सगळे लक्ष आपली पत कशी राखावी याकडे लागते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेल्या दोन ओळींचेही असेच होते, कारण तिथे आवाज नाही, चेहरा नाही, आणि लिहिलेले पुढे कोणाकडे जाईल याचा नेम नाही. म्हणून दोष सांगायचा तर समोरासमोर, एकट्याला आणि शक्यतो त्याच्या स्वतःच्या जागेत सांगावा. त्याच्या घरी, त्याच्या दुकानात किंवा शेताच्या बांधावर तो अधिक मोकळा असतो.

वयाने मोठ्या माणसाला सांगायचे असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: आधी परवानगी मागावी, आणि आपले निरीक्षण निवाडा म्हणून न ठेवता त्यांच्या अनुभवापुढे विचारार्थ ठेवावे. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे ज्येष्ठ गृहस्थ अभंगाच्या अखेरीस लय वाढवतात आणि टाळकऱ्यांची ओढाताण होते, असे समजा. एकादशीच्या भजनात सर्वांसमोर त्यांना थांबवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी घरी जाऊन म्हणावे: "तात्या, एक विचारू का? अभंग संपताना लय जरा पुढं जाते असं मला वाटतंय, मागच्या टाळकऱ्यांना गाठता येत नाही. तुमच्या लक्षात आलंय का?" कदाचित तात्या म्हणतील की टाळकरीच मागे रेंगाळतात, आणि ते खरेही असू शकेल. तसे असेल तर पुढच्या सरावाला दोन्ही बाजू सांभाळून पाहता येते. आदराने विचारलेला प्रश्न खराखुरा असायला हवा. उत्तर आधीच ठरवून विचारलेला प्रश्न वडीलधाऱ्यांना लगेच ओळखू येतो आणि तो अपमानाहून अधिक बोचतो.

माणूस सोडून कामावर बोट ठेवा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला संशोधनाचा आधारही आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये, कामाविषयी अभिप्राय दिल्याने काय होते यावरच्या जुन्या प्रयोगांमधले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा झालेला दिसला, परंतु एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यानंतर काम आधीपेक्षा खालावले होते. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. अभिप्रायामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष समोरच्या कामावरून उडून "मी कसा आहे" या प्रश्नाकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग कमी होत जातो. ध्यानात घ्या, हे केवळ निंदेला लागू नाही. "तू फार हुशार आहेस" अशी माणसाभोवती फिरणारी स्तुतीही लक्ष त्याच दिशेला नेते.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत हा फरक रोज दिसतो. ओतकामाचे जॉब रिजेक्ट झाले की सुपरवायझर नव्या कामगाराला म्हणतो, "तुझं कामात लक्षच नसतं." आता त्या मुलाने काय करावे? लक्ष द्यावे, पण कशाकडे? तो दिवसभर मान खाली घालून काम करील आणि उद्याही तोच दोष निघेल. याउलट असे सांगून पाहा: "सकाळपासूनच्या जॉबना वरच्या बाजूला ब्लोहोल आलेत. वाळूत ओल जास्त झालीय का ते बघ, आणि साच्याला व्हेंट नीट मारलेत का तेही दाखव मला." वाळूतली जादा ओल आणि वायू बाहेर पडायला अपुरी वाट ही ब्लोहोलची, म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून पडणाऱ्या पोकळ्यांची, नेहमीची कारणे आहेत, ती सांगितल्याबरोबर हाताला काम मिळते. शिवाय दोष साचा भरण्यात नसून वाळू मिसळण्याच्या टप्प्यावर असेल, तर तेही याच बोलण्यातून बाहेर येते आणि निर्दोष मुलगा बोलणी खाण्यापासून वाचतो.

स्वतःच्या वाक्याची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. बोलण्याआधी वाक्यातले "तू" आणि "तुम्ही" काढून त्या जागी कामाचे नाव घालून पाहावे. "तुम्ही बेजबाबदार आहात" याचे "सभेचे इतिवृत्त दोन महिने लिहिले गेलेले नाही" असे होते. दुसरे वाक्य अधिक सौम्य आहे आणि अधिक कडकही आहे, कारण त्यातून पळवाट काढता येत नाही. "नेहमी", "कधीच", "सगळे म्हणतात" हे शब्दही गाळावेत. "सगळे म्हणतात" हे तर विशेष घातक असते. ऐकणारा त्या रात्री झोपेऐवजी ते सगळे कोण याची यादी करत बसतो.

नेमके सांगा, आणि चांगलेही तितक्याच नेमकेपणाने सांगा

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, त्यांत ग्रंथदिंडी निघते, व्याख्याने होतात आणि कविसंमेलन होते. या कविसंमेलनात पहिल्यांदा कविता वाचणारी मुलगी आठवडाभर आधी आपली कविता दाखवायला येते. कविता सीमाप्रश्नावर आहे. पहिल्या आठ ओळींत अन्याय, रक्त, मशाल आणि माय मराठी आहे. त्यानंतरच्या चार ओळींत आजी जमिनीचा कन्नडमधला उतारा हातात घेऊन नातीला विचारते की यात माझे नाव कुठे लिहिले आहे ते दाखव.

इथे तीन प्रकारे बोलता येते. "छान आहे, वाच" असे म्हटले की मुलगी खूश होऊन जाते आणि तिच्या कवितेचे काहीच भले होत नाही. "घोषणाबाजी आहे ही, कविता नव्हे" असे म्हटले तर शब्द खरे असतात, परंतु ती कदाचित पुन्हा लिहिणार नाही, आणि शेवटच्या चार ओळींचे मोल तिला कधीच कळणार नाही. तिसरा मार्ग असा: "आजी उतारा घेऊन विचारते तिथं मी थांबलो. ती आजी फक्त तुझ्याच कवितेत आहे. वरच्या आठ ओळी मात्र मी याआधी बऱ्याच जणांकडून ऐकल्या आहेत, त्या कुणाच्याही असू शकतात. आजीपासूनच सुरुवात करून बघ की. वरच्या ओळींतलं काय लागतंय, ते मग तुझं तुलाच कळेल."

या तिसऱ्या बोलण्यात एकही शब्द खोटा नाही. दोष पूर्ण सांगितला आहे, तो कुठे आहे ते बोटाने दाखवले आहे आणि पुढे काय करायचे तेही सांगितले आहे. कौतुकसुद्धा मोघम नाही; कोणत्या ओळीत काय साधले ते कळल्यामुळे ती पुढच्या कवितेतही तसे करू शकेल. कविता तिची आहे, त्यामुळे आपण ती लिहून देऊ नये आणि आपल्या आवडीचे शब्द तिच्या तोंडी घालू नयेत. एका बैठकीत एक किंवा दोन मोठ्या गोष्टींपलीकडे जाऊ नये. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शेवटच्या वाचनासाठी ठेवाव्यात.

"सीमाभागातली मुलगी आहे, सांभाळून घ्या" ही भूमिका इथे मला मुळीच पटत नाही. बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली आहेत. इथला श्रोता जाणता आहे. इथल्या नव्या कवीला उतरत्या मापाने मोजणे म्हणजे त्याच्याकडून फारशी अपेक्षा नाही असे न बोलता सांगणे होय.

अपेक्षा आणि विश्वास दोन्ही बोलून दाखवा

स्तुती, मग टीका, मग पुन्हा स्तुती असा एक क्रम व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात शिकवतात. त्याची अडचण अशी की दोन-तीन वेळा तो अनुभवलेला माणूस स्तुती ऐकताच "आता 'पण' येणार" म्हणून सावध होतो आणि खऱ्या कौतुकावरचाही त्याचा विश्वास उडतो. काही जण उलट केवळ स्तुतीच लक्षात ठेवतात.

याहून चांगली वाट अमेरिकेतल्या एका अभ्यासातून दिसते. डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी नेहमीप्रमाणे चुका दाखवणारे शेरे लिहिले. त्यासोबत काही मुलांना एक चिठ्ठी दिली. तिचा आशय असा होता की माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करू शकशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत. बाकीच्या मुलांना साधी चिठ्ठी मिळाली. अपेक्षा आणि विश्वास बोलून दाखवणारी चिठ्ठी मिळालेल्या मुलांपैकी अधिक जणांनी निबंध सुधारून लिहिला, आणि हा फरक कृष्णवर्णीय मुलांमध्ये, त्यातही शाळेवर फारसा विश्वास नसलेल्यांमध्ये, विशेष ठळक होता. शेऱ्यांची धार कमी केलेली नव्हती.

आपल्याकडच्या शाळामास्तरांनी आणि बाईंनी हे जरूर करून पाहावे. कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाला आपण कुठेतरी मागे आहोत ही शंका आधीच असते. त्याच्या वहीवर लाल शाईने केलेल्या खुणा त्याला त्या शंकेचा पुरावा वाटतात. खुणांच्या खाली "हा निबंध दुसऱ्यांदा लिहून आण, कारण तुला याहून चांगला लिहिता येतो, शेवटचा परिच्छेद पाहून मला तशी खात्री झाली" एवढे लिहिले तर त्याच खुणांचा अर्थ बदलतो. अट एकच आहे: विश्वास नसेल तर लिहू नये, कारण मुलांना खोटी खात्री कळते.

दोष नसलेल्या गोष्टीला दोष म्हणू नका

इथल्या मराठीत कन्नड वळणे आहेत, हेल आहे, वाक्याच्या शेवटी "की" आहे. पुण्यामुंबईहून आलेले पाहुणे त्यावर हसतात आणि मग आपलेच सुशिक्षित लोक घरातल्या मुलांना तसे बोलू नको म्हणून टोकतात. बोलीतल्या कथेत, संवादात, घरगुती बोलण्यात ही वळणे म्हणजे चूक नाही. अर्ज, इतिवृत्त किंवा परीक्षेतला निबंध लिहिताना प्रमाण लेखनाची अपेक्षा असते, तिथे दुरुस्ती सांगावी, आणि ती त्या लेखनापुरतीच आहे हेही सांगावे. वय, शिक्षण, जात, घरची परिस्थिती, दिसणे यांतली कोणतीही गोष्ट टीकेत येता कामा नये. ती आली की आपण काम सुधारायला बसलेलो नाही, हे समोरच्याला नीट समजते.

सांगून झाल्यावर

पहिला प्रतिसाद बहुधा समर्थनाचा येतो. त्यावर लगेच दुसरा पुरावा काढू नये. समोरच्याचे ऐकून घ्यावे, त्यात नवी माहिती असेल तर मत बदलावे आणि बदलले असे सांगावे. माहिती नवी नसेल, तर तेच वाक्य शांतपणे एकदाच पुन्हा म्हणावे. त्याच्या डोळ्यांत पाणी आले किंवा तो चिडला म्हणून "तसं काही नाही हो, मी सहज बोललो" असे म्हणून सत्य मागे घेणे ही दयाळूपणाची नेहमीची चुकलेली वाट आहे. त्याने पुढच्या वेळी आपल्या कोणत्याच शब्दाला वजन राहत नाही. त्याऐवजी "आज नको, चार दिवसांनी बोलूया" असे म्हणावे आणि चार दिवसांनी खरोखर जावे.

मदत देऊ करताना ती मोजून सांगावी. "काही लागलं तर सांगा" याने काम पुढे जात नाही. "रविवारी सकाळी मी येतो, दोन महिन्यांचं इतिवृत्त आपण बसून पुरं करू" याने जाते. सुधारणा दिसली की ती तितक्याच नेमकेपणाने बोलून दाखवावी आणि जुनी चूक पुन्हा काढू नये.

दोन वेळा सांगूनही बदल झाला नाही, तर तिसऱ्यांदा सांगण्यापूर्वी विषय कोणता ते पाहावे. कविता, भजन, भाषणाची शैली, घराचा रंग अशा बाबतीत तिथेच थांबावे. तो त्या माणसाचा अधिकार आहे. मात्र सभासदांचे पैसे, मुलांची सुरक्षितता किंवा कारखान्यातला धोका यांचा प्रश्न असेल, तर मन राखण्यासाठी थांबता येत नाही. तेव्हा संबंधित व्यक्तीला आधी सांगून, तारीख आणि तपशील घालून लेखी पत्र समितीकडे किंवा व्यवस्थापनाकडे द्यावे, त्यात तर्क आणि विशेषणे टाळावीत, आणि पत्राची एक प्रत त्या व्यक्तीच्या हातात स्वतः नेऊन द्यावी.